एअरगनवर स्कोप घेताय? आधी या चुका टाळा, मग स्कोपला शिव्या घाला

बोनस झाला की फोन सुरू होतात. काका, शिकारीला वापरतात तसला दणकट स्कोप सांगा ना, बजेट एवढं एवढं आहे. अरे बाबांनो, शिकारीचा विषय आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवलाय, आणि येऊरला जरा 'टेस्ट' करून येतो म्हणणाऱ्यांनी तर घरीच बसा, ते नॅशनल पार्क आहे, तिथे लेखी परवानगीशिवाय नुसतं हत्यार घेऊन शिरणंही चालत नाही. आपण कागदावर आणि रिकाम्या डब्यांवर मारणारी माणसं. पण शिकारीचं खूळ डोक्यातून जात नाही आणि निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात, कारण यूट्यूबवरचे जे रिव्ह्यू बघून तुम्ही स्कोप ठरवता ते अमेरिकेतल्या कुणीतरी शंभर-दोनशे यार्डांवरच्या हरणासाठी, काडतुसाच्या रायफलवर लावून केलेले असतात. तुमच्याकडे आहे स्प्रिंगवाली ब्रेक बॅरल, म्हणजे नळी मोडून भरायची एअरगन, आणि समोर पंधरा मीटरवर कोल्ड्रिंकचा कॅन.

आणि ज्यांना दहा मीटरच्या मॅचला उतरायचंय त्यांनी तर हे पुढचं वाचूच नका, तिथे दुर्बिणीचा स्कोप चालत नाही, बारीक भोकातून नेम धरायची पीप साइट असते. ते पैसे कोचिंगला घाला.

काडतुसाच्या रायफलचा महाग स्कोप स्प्रिंग गनवर चढवणे

लोकांना वाटतं मोठ्या रायफलचा धक्का सोसणारा स्कोप आपल्या एअरगनवर तर काय, झोपा काढेल. उलटं आहे. काडतुसाची रायफल धक्का देते तो मागे. स्प्रिंग गनमध्ये ट्रिगर दाबला की जड पिस्टन पुढे सुटतो त्यामुळे बंदूक आधी मागे येते, आणि पिस्टन पुढे जाऊन आपटला की तीच बंदूक झटकन पुढे ओढली जाते, म्हणजे एकाच शॉटमध्ये दोन उलट दिशांचे झटके. जो स्कोप फक्त मागच्या धक्क्यासाठी बांधलाय त्याची आतली लेन्स सैल होते, क्रॉस (नेम धरायच्या उभ्या-आडव्या रेघा) फिरतो, कधी तुटतोसुद्धा. घेताना एकच प्रश्न विचारायचा, हा स्प्रिंग एअरगनसाठी रेटेड आहे का. दुकानदार 'सगळ्यावर चालतो साहेब' म्हणाला तर दुकान बदला. पीसीपी, म्हणजे आधी टाकीत हवा दाबून भरायची एअरगन, असेल तर हा त्रास जवळजवळ नाही, पण तिचा पंप मारायचा त्रास आहे, तो वेगळा.

माउंटवर पैसे वाचवणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक आहे, म्हणून जरा लांबण लागेल. दहातले आठ जण मला 'स्कोप खराब आहे' म्हणून दाखवतात तेव्हा स्कोप ठणठणीत असतो आणि त्याला बंदुकीवर धरून ठेवणारं खालचं माउंट सरकायला लागलेलं असतं.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. माझ्या मामेभावाची मुरबाडला वाडी आहे, विहीर खोदली तेव्हाच्या मातीचा उंच ढिगारा आहे, त्याच्या पायथ्याशी कागद लावून आम्ही मारतो. मागे मातीचा बांध नसेल तिथे बंदूक बाहेर काढूच नये असं माझं मत आहे, सोसायटीच्या गच्चीवर तर अजिबात नाही. तर तिथे कोपरखैरण्याचा एक पोरगा आला, महापेला नोकरी, हात मोकळा, बंदुकीवर ६-२४×५० चा स्कोप, म्हणजे ६ ते २४ पट दाखवणारा, पुढची काच ५० मिलिमीटर, लांबून बघितलं तर बंदुकीपेक्षा स्कोपच मोठा. वीस मीटरवर पहिले पाच छर्रे छान गोळा झाले. पुढचे पाच दोन बोटं वर. त्याने टरेट (स्कोपवरची नेम सरकवायची घुंडी) फिरवून खाली आणले, पुढचे पाच डावीकडे. मग छर्रे बदलले, मग वाऱ्याला दोष दिला, वारा म्हणाल तर बाजूच्या केळीचं पान हलत नव्हतं. मग म्हणतो, काका हा दुसरा स्कोप आहे, पहिला पण असाच निघाला, परत पाठवला, हा पण परत करतो.

मी म्हटलं जरा इकडे दे. रेलवर, म्हणजे माउंट बसतं त्या बंदुकीवरच्या पट्टीवर, बघितलं तर माउंटच्या पुढच्या बाजूला ब्लूइंगच्या काळ्या थरावर दोन-तीन मिलिमीटरचा चकचकीत पट्टा घासला गेलेला. म्हणजे दर शॉटला माउंट केसभर मागे सरकतंय, सरकताना थोडं वाकडं होतंय आणि हा टरेट फिरवत त्याचा पाठलाग करतोय. स्क्रू आवळून आवळून डोकं गोल झालेलं, किल्ली नुसती फिरत होती. बॅग उघडायला लावली तर माउंटच्या डब्यात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात माउंटला मागे सरकू न देणारी स्टॉप पिन, पिशवी फोडलेलीसुद्धा नाही. बंदुकीवर मागे त्या पिनेसाठी भोक आहे, ते त्याला डिझाइन वाटलं होतं!

तो गोल झालेला स्क्रू काढण्यातच सकाळ गेली. रेल आणि माउंटचा तळ थिनरने पुसला, कारण नव्या बंदुकीवर तेल असतंच आणि तेलावर कितीही आवळा, सरकणारच. माझ्याकडचं वन पीस माउंट बसवलं, पिन भोकात, मग स्क्रू. जेवायच्या आधी पाचही छर्रे एकमेकांना चिकटून बसायला लागले, त्याच स्कोपने. पोरगा म्हणतो, काका, मग रिटर्न रिक्वेस्ट कॅन्सल करू का.

माझी सवय सांगतो, शास्त्र वगैरे नाही. स्प्रिंग गनवर दोन सुट्या रिंगा मी लावतच नाही, वन पीसच, स्टॉप पिनवालं. एअरगनची रेल बहुतेक ११ मिलिमीटरची डव्हटेल (तिरक्या कडांची खाच) असते, विव्हर किंवा पिकाटिनीवालं रुंद माउंट तिच्यावर बसत नाही, कागदाची घडी घालून बसवू नका. स्कोपची ट्यूब एक इंची का तीस एमेम हे मोजून रिंग घ्या. वरचे स्क्रू कर्णाकर्णी, थोडे थोडे, दोन्ही बाजूंची फट सारखी राहील असे, आणि ॲलन कीचा आखूड दांडा हातात धरून, लांब दांड्याने नाही, जोर लावलात तर ट्यूब चेपते. सगळं झालं की रिंग आणि रेल दोन्हींवरून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढून ठेवतो. रेघ तुटली की माउंट हललं, डोकं खाजवायची गरज नाही. लाल रंग चांगला दिसतो, घरून बोलणी बसतात ते सोडा.

पॅरॅलॅक्स न बघता घेणे

काडतुसाच्या रायफलचे साधे स्कोप साधारण १०० यार्डांवर पॅरॅलॅक्स लावून येतात, म्हणजे त्या अंतरावर चित्र आणि क्रॉस एकाच जागी जुळतात, कारण त्यांचं हरीण तिकडे उभं असतं. तोच दहा-पंधरा मीटरवर लावलात की चित्र धूसर, आणि धूसर चाललं एकवेळ, पण डोळा जरा इकडेतिकडे झाला की क्रॉस टार्गेटवर पोहायला लागतो. तुमचा गाल दर वेळी त्याच जागी टेकत नाही, नव्या माणसाचा तर नाहीच, म्हणून नेम तोच धरूनही छर्रा दुसरीकडे. तपासायचं असं: बंदूक वाळूच्या पिशव्यांवर ठेवा, हात लावू नका, डोळा स्कोपमागे ठेवून डोकं हळू वरखाली करा. क्रॉस टार्गेटवरून हलला तर पॅरॅलॅक्स चुकीचा आहे. एअरगनसाठी पुढच्या काचेवर किंवा बाजूला फिरणारी रिंग असलेला, १० यार्डांपर्यंत खाली येणारा स्कोप घ्या. रिंगवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, डोकं हलवून बघा.

मोठा आकडा म्हणजे चांगला स्कोप

नाही. २४ पॉवरला तुमच्या हाताचा कंपसुद्धा २४ पट दिसतो आणि तुम्ही तो थांबवायला ट्रिगर हिसकता. ३-९×४० नव्याला पुरून उरतो, वर ५० ऐवजी ४० ची काच असली की स्कोप खाली बसतो, गाल नीट टेकतो. पेटणारा लाल-हिरवा क्रॉस आणि सोबत फुकट लेसर? ज्या किमतीत ते देतात त्या किमतीत काचेवर काय खर्च केला असेल ते तुम्हीच ठरवा.

चार क्लिक फिरवून 'टरेट बिघडलंय' म्हणणे

हा फोन तर ठरलेला. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० यार्डांवर छर्रा पाव इंच हलवतो, बरोबर, पण तुम्ही दहा मीटरवर मारताय, तिथे एक क्लिक म्हणजे पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. एक इंच सरकवायला पस्तीसेक क्लिक लागतील. एवढं गणित करायला कुणाला वेळ नसतो, स्कोपला चार दिवसांत एक स्टार द्यायला मात्र असतो. आणि एका छर्‍यावर टरेट फिरवू नका, पाच मारा, त्यांचा मध्य बघा, मग फिरवा. स्कोप खरंच तपासायचा असेल तर एक ग्रुप, म्हणजे पाच छर्‍यांचा पुंजका, मारून ४० क्लिक वर, ४० उजवीकडे, ४० खाली, ४० डावीकडे असे चौकोनात ग्रुप मारत या. दहा मीटरवर चौकोनाची बाजू साधारण २९ मिलिमीटर भरली आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावर येऊन बसला तर गप्प बसा, स्कोप चांगला आहे.

वर आणायला क्लिकच उरले नाहीत? बॅरल खाली झुकलेली असेल, ब्रेक बॅरलमध्ये हे सर्रास असतं. टरेट टोकाला नेऊन वापरू नका, तिथे स्प्रिंग ढिली पडते आणि क्लिक मनमानी करतात. मागून उंच असलेलं माउंट मिळतं. जुनी माणसं मागच्या रिंगखाली फोटोच्या फिल्मचा तुकडा घालतात, एक तुकडा चालतो, तीन घातलेत तर ट्यूबची वाट लागेल.

बाकी पटापट. क्रॉस तिरका लावू नका, समोर ओळंबा टांगून उभी रेघ दोरीवर जुळवा. डोळा स्कोपपासून तीन-साडेतीन इंच, चिकटवाल तर भुवई फुटेल. स्प्रिंग गन आवळून धरू नका आणि बॅरल टेबलावर टेकवू नका, सैल हातावर ठेवा, निम्म्यांचा ग्रुप एवढ्यानेच सुधारतो. एका डब्याचे छर्रे झीरोला, म्हणजे नेम जुळवायला, आणि दुसऱ्याचे कॅनवर मारायला, असं करून रडू नका.

आणि आपल्याकडचा पावसाळा. खाडीकाठी ऐरोली-वाशीला राहता, कपाटातली चप्पलसुद्धा बुरसटते, तिथे काच काय. एसीतून बाहेर काढल्यावर बाहेरून धुकं धरलं तर घाबरू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा, शर्टाने पुसू नका. आतून धुकं धरलं तर सील गेलंय, धुकं धरू नये म्हणून आत भरलेला नायट्रोजन कधीच निघून गेलाय, तो स्कोप उन्हात ठेवून बरा होत नाही. जून ते सप्टेंबर मी स्कोप मऊ कव्हरमध्ये ठेवतच नाही, कव्हरच ओल धरून बसतं. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत आत. सेकंडहँड घेताना तर आधी हेच बघा, पुढच्या काचेतून टॉर्च मारा आणि मागून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले की ती बुरशी, समोरचा कितीही स्वस्तात देवो, चहा पिऊन परत या.