इंजिनाला दोष देण्याआधी: मॉडेल रेल्वेवर शंटिंग तपासताना या चुका टाळा

शंटिंगचा, म्हणजे वाघिणी पुढेमागे हलवून गाडी जुळवण्याचा, लेआउट तयार झाला की पहिल्या दिवशी बहुतेक जण एकच करतात. इंजिनाला पाच वाघिणी जोडायच्या आणि गाडी ओढत इकडून तिकडे न्यायची. कुठे घसरलं नाही, म्हणजे रूळ ठीक! मग खरं शंटिंग सुरू होतं आणि दुसऱ्याच वेळी ढकलताना मधली वाघीण सांध्यावर (रूळ जिथे दोन मार्गांत फुटतो तिथे) चढून आडवी होते.

ओढताना कपलिंगं ताणलेली असतात, वाघिणी आपसूक सरळ रेषेत येतात आणि रुळातले बारीक दोष झाकले जातात. ढकलताना तीच वाघीण दोन्ही बाजूंनी दाबली जाते, जरा तिरकी होते आणि चाकाची कड मिळेल त्या फटीत घुसते. शंटिंगमध्ये निम्मं काम ढकलण्याचंच असतं. तेव्हा चाचणीही ढकलूनच घ्या: प्रत्येक सांधा, दोन्ही मार्ग, अगदी सावकाश.

माझा लेआउट इंगलनूक पद्धतीचा आहे. ब्रिटनमधल्या अ‍ॅलन राइट यांचा हा आराखडा एका फळीवर मावतो. दोन सांधे आणि तीन साइडिंग (वाघिणी उभ्या करायचे फाटे). लांब साइडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, बाकीच्या दोनमध्ये तीन-तीन. शंटिंग नेकमध्ये, म्हणजे पुढेमागे करायच्या बंद टोकाच्या रुळावर, इंजिन आणि तीन वाघिणी. एकूण आठ वाघिणींपैकी पाच चिठ्ठ्या टाकून निवडायच्या आणि त्याच क्रमाने गाडी जुळवायची. अशा 6,720 वेगवेगळ्या गाड्या होऊ शकतात, त्यामुळे लवकर कंटाळा येत नाही.

नुसत्या वाघिणीची लांबी मोजणं

ही चूक मी स्वतः केली. माझी वाघीण बॉडीवर 76 मिमी भरते, पण जोडलेल्या अवस्थेत एकेक वाघीण 85 मिमी जागा खाते. तीन वाघिणींमागे 27 मिमीचा फरक पडला आणि शंटिंग नेकमध्ये तिसऱ्या वाघिणीची मागची चाकं सांध्यावरच राहिली. सांधा बदलताच वाघीण खाली. रूळ ठोकून झाल्यावर हे कळलं, त्यामुळे फळीला शेपूट जोडावं लागलं. तुम्ही रूळ ठोकण्याआधी सगळा ताफा जोडून फळीवर ठेवा, इंजिन दाबून कपलिंगं सैल करा, मग ओढून ताणा, आणि दोन्हींतली जास्त लांबी धरा.

घसरलेली वाघीण उचलून पुन्हा ठेवणं

सगळ्यांत महागात पडणारी सवय हीच. बोटाने वाघीण रुळावर ठेवली, पुढे चालू. दहा मिनिटांनी पुन्हा तेच, आणि शेवटी इंजिन बदलायच्या गप्पा. इंजिन बिचारं बहुतेक वेळा निर्दोष असतं.

प्रत्येक वाघिणीच्या पोटाला पेन्सिलीने नंबर घाला. जिथे घसरेल तिथे स्लीपरवर खडूचा ठिपका द्या आणि वहीत नंबर टिपा. एकाच जागी वेगवेगळ्या वाघिणी घसरत असतील तर दोष रुळात. एकच वाघीण वेगवेगळ्या जागी घसरत असेल तर दोष वाघिणीत. ठरावीक वाघीण ठरावीक जागीच घसरली, तर दोघांतही थोडं थोडं काहीतरी आहे, आणि हेच प्रकरण सगळ्यांत चिवट.

माझ्याकडे एका सांध्यावर चार ठिपके जमले. नखाने चाचपलं, काही लागेना. मोबाइलचा टॉर्च आडवा धरून भिंगातून पाहिलं, तर सांध्याची जीभ (मार्ग बदलणारी सरकती पट्टी) मुख्य रुळाला टेकतच नव्हती. मध्ये खडीचा एक कण अडकला होता, मोहरीच्या दाण्याच्याही निम्मा. टूथपिकने काढला. दोन रविवार त्या कणाने खाल्ले.

वाघिणीवर संशय असेल तर आधी चाकं बघा. दोन रुळांत 16.5 मिमी अंतर असेल तर जोडीतल्या चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर सुमारे 14.5 मिमी हवं. कॅलिपरने मोजा, डोळ्यावर विश्वास ठेवू नका. मग वजन करा. अमेरिकेच्या एनएमआरए संस्थेची एचओसाठी (1:87 प्रमाणाच्या मॉडेलसाठी) शिफारस आहे 1 औंस अधिक दर इंचाला अर्धा औंस. तीन इंची वाघिणीचं वजन त्या हिशेबाने सुमारे 71 ग्रॅम होतं, आणि प्लास्टिकची नवी वाघीण बहुधा त्याच्या बरीच खाली असते. टायरवाल्याकडे चाकांच्या बॅलन्सिंगच्या चिकट वजनपट्ट्या मिळतात, त्या पोटात खाली लावा. सगळ्या वाघिणी एकसारख्या जड हव्यात; दोन जडांच्या मधली हलकी वाघीण ढकलताना हमखास उचलली जाते.

इंजिन सांध्यावर बंद पडलं की वेग वाढवणं

छोटं चारचाकी इंजिन प्लास्टिक फ्रॉगवर (सांध्यात रूळ एकमेकांना छेदतात त्या भागावर) थांबतं, कारण तेवढ्या जागेत त्याला करंट मिळत नाही. वेग वाढवला की ते उडी मारून पुढे जातं आणि आपल्याला वाटतं सुटलं. पण शंटिंगला वेग नकोच असतो. आधी रूळ आणि चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिशपेपर वापरू नका, त्याच्या ओरखड्यांत मळ साठतो. तरीही थांबत असेल तर धातूचा फ्रॉग असलेला सांधा घ्या आणि फ्रॉगची पोलॅरिटी सांध्याबरोबर बदलेल अशी वायरिंग करा. डीसीसीवाल्यांनी (डिजिटल कंट्रोलने इंजिन चालवणाऱ्यांनी) सीव्ही 2 ही सेटिंग, म्हणजे सुरुवातीचा व्होल्टेज, शेवटी हाताळावा. मळ झाकण्यासाठी नाही.

कपलिंग सुटतं का, एवढंच बघणं

सुटलेली वाघीण जागेवर राहते का? फळीला किंचित उतार असला तरी ती हळूच इंजिनामागे निघते. चुंबकाने सुटणारी कपलिंगं असतील आणि आस लोखंडी असेल, तर वाघीण चुंबकाकडे सरकते. लेव्हल बॉटलने फळी तपासा. मग स्लीपरमध्ये बारीक भोक पाडून जुन्या ब्रशचा एक केस आसाला जेमतेम घासेल असा बसवा. छान ब्रेक लागतो. कपलिंगच्या उंचीसाठी गेज मिळतं, ते घ्याच. आणि वळणावर जोडणी जमत नसेल तर झटापट करू नका, ती जागा जोडण्याची नाहीच.

जॉन अ‍ॅलन यांच्या 1972 च्या टाइमसेव्हर या शंटिंगच्या कोड्यासारखं घड्याळ लावून खेळायची घाई नको. आधी एक अख्खी गाडी बोट न लावता जुळली पाहिजे. मला अकरा प्रयत्न लागले. त्यानंतर कंट्रोलर भाचीच्या हातात दिला. तिने पहिल्याच झटक्यात तीन वाघिणी बफरवर (रुळाच्या टोकाच्या अडथळ्यावर) आदळल्या, आणि बफर मी चिकटवलाच नव्हता हे तेव्हा कळलं.