उताऱ्यावरचे शेत आणि बोजा : रेगन यांच्या वारशावर वादविवाद कसा करावा

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यातील वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून बसताना एक गोष्ट माझ्या वारंवार लक्षात आली आहे. विषय सीमाप्रश्नाचा असला की आमची मुले १९५६ची राज्य पुनर्रचना, १९६७चा महाजन आयोगाचा अहवाल आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा यांचे दाखले न अडखळता देतात. परंतु ठराव परदेशातील एखाद्या लोकप्रिय नेत्याविषयी असला की तीच मुले पहिल्याच मिनिटात विशेषणांवर येतात. ‘रोनाल्ड रेगन यांचा वारसा अमेरिकेला हितकारक ठरला आहे’ असा ठराव असेल, तर अनुकूल बाजू त्यांना युगपुरुष करून टाकते, प्रतिकूल बाजू श्रीमंतांचा हस्तक ठरवते, आणि दहा मिनिटांनंतर सभागृहाच्या हाती काहीच लागत नाही. तयारी कशी करावी, हे सांगण्यासाठी हा ठराव मुद्दाम निवडला आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंना भरपूर दारूगोळा आहे.

सुरुवात ‘वारसा’ या शब्दापासूनच करावी. आपल्याकडे वडिलांच्या पश्चात उताऱ्यावर वारसांची नावे चढतात, तेव्हा शेताबरोबर सोसायटीच्या कर्जाचा बोजाही त्यांच्याकडे येतो, आणि बांध वडिलांनी घातला होता की आजोबांनी, याची चौकशी पुढे कधीतरी करावीच लागते. रेगन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते त्या १९८१ ते १९८९ या आठ वर्षांतील प्रत्येक घटनेला हीच कसोटी लावावी. मागे काय उरले, त्याची किंमत कोणी फेडली आणि ते खरोखर रेगन यांच्या हातून झाले का, हे प्रश्न ज्या मुद्द्याला विचारलेले नाहीत, तो मुद्दा व्यासपीठावर नेऊ नये.

लोकप्रियतेचा मुद्दा लवकर निकालात काढावा. १९८० मध्ये रेगन यांनी ४४ राज्ये जिंकली आणि १९८४ मध्ये ५० पैकी ४९. तरीही १९८३च्या जानेवारीत गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत त्यांच्या कारभाराला पसंती देणारे अवघे ३५ टक्के होते, आणि १९८९ मध्ये पद सोडताना ते ६३ टक्के झाले होते. म्हणजे माणूस तोच, धोरणेही बरीचशी तीच. मधल्या काळात मंदी सरली होती. लोकांना नेता आवडला एवढ्याने धोरण बरोबर ठरत नाही, हे प्रतिकूल बाजूने म्हणावे. मात्र इतक्या टोकाच्या चढउतारानंतरही लोकांचा विश्वास परत मिळवणे हे राजकीय कर्तृत्वच आहे, असे उत्तर अनुकूल बाजूकडून येणार, हे तिने गृहीत धरावे.

खरा सामना अर्थव्यवस्थेवर होतो, म्हणून तयारीचा निम्मा वेळ तिला द्यावा. अनुकूल बाजूकडे आकडे ठसठशीत आहेत : १९८० मध्ये महागाईचा दर सुमारे साडेतेरा टक्के होता आणि १९८८ मध्ये तो चार टक्क्यांच्या आसपास आला, प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर ७० टक्क्यांवरून आधी ५० आणि १९८६च्या कायद्यानंतर २८ टक्क्यांवर उतरला. येथे बहुतेक वक्ते थांबतात आणि तेथेच फसतात. महागाई मोडण्यासाठी व्याजदर वीस टक्क्यांच्या घरात नेण्याचे कडू औषध देणारे मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांची नेमणूक १९७९ मध्ये रेगन यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी केली होती. बांध कोणाचा, हा प्रश्न विचारायचा तो येथे. अर्थात त्याच औषधामुळे १९८२च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर गेली असताना व्होल्कर यांच्या धोरणाला आडवे न जाणे आणि १९८३ मध्ये त्यांचीच फेरनेमणूक करणे, हे श्रेय रेगन यांच्याकडून काढून घेता येत नाही. माझ्या मते अनुकूल बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे, आणि नेमका तोच मी स्पर्धकांच्या तोंडून क्वचित ऐकला आहे.

बोजाही त्याच पानावर लिहिलेला आहे. एक लाख कोटी डॉलरच्या आत असलेले राष्ट्रीय कर्ज रेगन यांच्या आठ वर्षांत अडीच लाख कोटींच्या पुढे गेले, कारण कर घटले, संरक्षणखर्च वाढला आणि इतर खर्चात त्या प्रमाणात कपात झाली नाही. यावर अनुकूल बाजू काँग्रेसकडे, म्हणजे त्यांच्या संसदेकडे, बोट दाखवते. प्रतिनिधिगृह आठही वर्षे विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या ताब्यात होते, हे खरेच आहे. ‘रेगन यांनी कर केवळ कमी केले’ असे म्हणणाऱ्यास १९८२च्या करवाढीची आठवण करून द्यावी. तो कायदाही त्यांच्याच सहीने झाला होता.

शीतयुद्धाच्या मुद्द्यावर तारखा जिभेवर असाव्यात. एका स्पर्धेत अनुकूल बाजूच्या मुलाने ‘रेगन यांनी बर्लिनची भिंत पाडली’ असे टाळ्यांच्या गजरात सांगितले. प्रतिपक्षाच्या मुलीने आवाज न चढवता एवढेच म्हटले की, ‘ही भिंत पाडा’ असे आवाहन करणारे रेगन यांचे भिंतीसमोरचे भाषण १२ जून १९८७ रोजी झाले, भिंत ९ नोव्हेंबर १९८९ रोजी उघडली, आणि त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश होते. सभागृह तिच्या बाजूला झुकले. खरे तर त्या मुलाला सांगण्यासारखे याहून पुष्कळ होते. १९८३ मध्ये सोव्हिएत संघाला दुष्ट साम्राज्य म्हणणारा नेता ऑक्टोबर १९८६ मध्ये आइसलँडमधील रेक्याविकला सोव्हिएत नेते मिखाईल गोर्बाचेव्ह यांच्याशी अण्वस्त्रे संपविण्याच्या गोष्टी बोलतो आणि ८ डिसेंबर १९८७ रोजी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा एक संपूर्ण वर्ग नष्ट करण्याच्या करारावर सही करतो, हा बदल भिंतीपेक्षा मोठा पुरावा आहे. दोन्ही देशांनी मिळून २६९२ क्षेपणास्त्रे मोडीत काढली. प्रतिकूल बाजूने यावर गोर्बाचेव्ह यांच्या अंतर्गत सुधारणा आणि डबघाईला आलेली सोव्हिएत अर्थव्यवस्था पुढे ठेवावी. शिवाय त्या करारातून अमेरिका २०१९ मध्ये बाहेर पडली, हेही वारशाच्या हिशेबात येते.

इराण-कॉन्ट्रा प्रकरण दोन वाक्यांत मांडता आले पाहिजे : इराणला गुपचूप शस्त्रे विकली गेली आणि त्यातील पैसा निकाराग्वातील ‘कॉन्ट्रा’ बंडखोरांकडे वळवला गेला, जेव्हा त्यांना अशी मदत देण्यास काँग्रेसने मनाई केली होती. ४ मार्च १९८७च्या भाषणात रेगन यांनी लेबनॉनमधील अमेरिकन ओलिसांच्या सुटकेच्या बदल्यात शस्त्रे दिली गेल्याचे वस्तुस्थिती सांगते, असे मान्य केले. पैसे वळवले जात असल्याचे त्यांना माहीत होते, असे मात्र चौकशीत सिद्ध झाले नाही. येथे अतिशयोक्ती करणारा वक्ता स्वतःच अडकतो. एड्सविषयी तर केवळ तारखा सांगितल्या तरी पुरे : रोगाची पहिली अधिकृत नोंद जून १९८१ची आहे, आणि रेगन यांचे त्यावरील पहिले मोठे भाषण ३१ मे १९८७चे.

आपल्या श्रोत्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा. निपाणी-चिकोडीकडच्या सभागृहात तंबाखू आणि ऊस पिकविणाऱ्या घरांतील माणसे बसलेली असतात. करदरांच्या टक्केवारीपेक्षा त्यांना १९८०च्या दशकातील अमेरिकन शेतकऱ्यांची अवस्था लवकर कळते. चढे व्याजदर, महागलेला डॉलर आणि घटलेली निर्यात यांमुळे तेथेही जमिनी लिलावात गेल्या. एप्रिल १९८१ मध्ये निपाणीत तंबाखूला भाव मागणाऱ्या आंदोलकांवर गोळीबार झाला. त्याच महिन्यात रेगन यांनी सोव्हिएत संघाला धान्य विकण्यावरची कार्टरकालीन बंदी उठवली, तीही तेथील शेतकऱ्यांना दिलेल्या वचनानुसार. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही आणि तसा तो भासवूही नये. परंतु काळ कोणता होता, हे श्रोत्याच्या मनात त्यामुळे पक्के बसते. संपाविषयी बोलायचे असल्यास ऑगस्ट १९८१ मध्ये अकरा हजारांहून अधिक विमान वाहतूक नियंत्रकांना कामावरून काढले गेले, ते उदाहरण घ्यावे. त्यांच्या संघटनेने आदल्या वर्षी निवडणुकीत रेगन यांनाच पाठिंबा दिला होता, आणि रेगन स्वतः एके काळी अभिनेत्यांच्या कामगार संघटनेचे अध्यक्ष होते.

पाकिस्तानला मिळालेल्या शस्त्रांचा मुद्दा काढण्याचा मोह फार होतो, कारण त्यावर टाळी हमखास पडते. ठराव अमेरिकेच्या हिताचा आहे, भारताच्या नव्हे. त्यामुळे अफगाणिस्तानातील लढ्यासाठी पाकिस्तानला दिलेली मदत पुढे अमेरिकेलाच कशी भोवली, एवढे सिद्ध करता येत असेल तरच तो काढावा.

उच्चारही तपासून घ्यावा. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड यांचे आडनाव ‘रेगन’, आणि त्यांच्याच कारकिर्दीत अर्थमंत्री व नंतर व्हाइट हाउसचे मुख्य अधिकारी झालेले डोनाल्ड यांचे ‘रीगन’. या दोघांची गल्लत झाली की अर्थव्यवस्थेवरील सगळा युक्तिवाद भलत्याच माणसाच्या नावावर चढतो.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी जोडीदाराबरोबर बाजू बदलून एक पूर्ण फेरी खेळावी, घड्याळ लावून आणि घंटेसह. अनुकूल बाजूच्या वक्त्याने कर्जाचा मुद्दा स्वतः मांडावा, प्रतिकूल बाजूच्या वक्त्याने क्षेपणास्त्र कराराचे समर्थन करावे, आणि ज्या प्रश्नावर समोरच्याला उत्तर सुचत नाही, तो प्रश्न वहीत लिहून ठेवावा. आमच्याकडील कित्येक स्पर्धांत बाजू ऐन वेळी चिठ्ठी उचलून ठरते. तेव्हा चिठ्ठीत काहीही निघाले तरी ती वही उपयोगी पडते.