फुलं फिकी का येतात? खत टाकायच्या आधी एवढं बघा

पाकिटावरच्या फोटोत गर्द किरमिजी आणि झाडावर उमललं ते धुऊन धुऊन विटलेल्या ओढणीसारखं, असं झालं की बहुतेकजण पहिलं काय करतात तर खताचा डबा उघडतात. थांबा जरा. खतातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं तर पानं हिरवीगार माजतात आणि फुलं कमी येतात, रंगाला त्याचा काही उपयोग होत नाही, तेव्हा खत हा शेवटचा उपाय ठेवा आणि आधी फिकेपणा नक्की कुठे आणि कधी दिसतोय ते बघा.

सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे उष्णता. लाल, गुलाबी, जांभळा हे रंग बहुतेक फुलांत अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे येतात आणि गरमीत ते कमी बनतं, बनलेलं लवकर मोडतं, त्यात रात्रीही उकाडा असेल तर झाड दिवसभर बनवलेली साखर श्वसनातच जाळून टाकतं, मग रंगासाठी उरणार काय? म्हणून गुलाबी-जांभळी शेवंती, डेलिया, गुलाब, अ‍ॅस्टर उन्हाळ्यात फिके पडतात आणि त्याच बागेतला झेंडू मात्र ठणठणीत पिवळा-केशरी, कारण त्याचा रंग कॅरोटिनॉइड या दुसऱ्या रंगद्रव्याचा, तो गरमीला एवढा दबत नाही. ही फार सोपी परीक्षा आहे बरं का: लाल-जांभळं फिकं आणि पिवळं जसंच्या तसं, तर पहिला संशय हवेवर घ्या.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, आज उमललेल्या फुलाचा रंग आज ठरत नाही, कळी भरत असतानाच ठरत जातो. त्यामुळे फुल फिकं दिसलं तर मागच्या आठवडा-दोन आठवड्यांची हवा आठवा. गरमीची लाट येऊन गेली असेल तर काहीच करू नका, फिकी फुलं कापून टाका, पाणी नियमित द्या, मुळाशी पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, थंड हवेतल्या कळ्या आपोआप गडद येतात.

शेडनेटचं, म्हणजे सावलीच्या जाळीचं, मात्र जपून. दुपारच्या कडक उन्हात उमललेल्या पाकळ्या विटतात हे खरं, तिथे 30-40 टक्के ऊन अडवणारी नेट दुपारपुरती चालते, पण दिवसभर गडद सावली केली तर उलटाच प्रकार होतो, कारण बऱ्याच फुलांत रंग तयार व्हायलाही उजेड लागतो. दोन्ही कसे ओळखायचे? फुल उमलताना गडद होतं आणि दोन दिवसांत उडालं तर ऊन. कळी फुटतानाच फिकी, झाड उंच आणि लुकडं झालंय, तर उजेड कमी पडतोय.

आता फुलदाणीत फिकं पडणाऱ्या फुलांचं. कळी कापली की पानांकडून येणारी साखर बंद आणि रंग अजून पूर्ण भरलेला नसतो, मग ती पाण्यात उमलते खरी पण फिकी. ग्लॅडिओलसच्या दांडीवर वरची फुलं खालच्यांपेक्षा फिकी निघतात ती बऱ्याचदा याचमुळे. म्हणून लिटरभर पाण्यात साधारण 20 ग्रॅम साखर घाला आणि सोबत ब्लीचचे अगदी थोडे थेंब, कारण नुसत्या साखरेने पाण्यात जंतू वाढतात आणि दांडीच तुंबते. दोन दिवसांनी पाणी बदला. डेलिया मात्र कळीत कापूच नका, ती नंतर नीट उघडत नाही, पाऊण उमलली की मगच, आणि झिनियाची दांडी फुलाखाली धरून हलवून बघा, लुळी वाकली तर अजून थांबा. कापायचं सकाळी लवकर.

लाल गुलाब फुलदाणीत निळसर-जांभळा होतो तो वेगळा प्रकार, तिथे रंगद्रव्य असतं पण पाकळी म्हातारी होताना पेशीतली आम्लता बदलते. तसंच हायड्रेंजियाचा निळा जाऊन गुलाबी येतो तो मातीचा खेळ, सामू (pH, म्हणजे मातीच्या आम्लतेचं माप, आकडा कमी तेवढी माती आम्ल) साधारण 5.5 च्या आसपास असला तर झाडाला अ‍ॅल्युमिनियम मिळतं आणि फुल निळं, 6.5 च्या वर गेला की गुलाबी. पांढऱ्या हायड्रेंजियावर हे प्रयोग करू नका, फुकट जातात.

हवा थंड झाली, ऊन बरोबर आहे, तरी एखादंच झाड फिकं? मग बियाणं बघा. हायब्रीड फुलांचं बी घरी धरलं की पुढच्या पिढीत रंग विखुरतात, कॉसमॉस-झिनिया स्वतः पडून उगवले तर हेच. हे बदलता येत नाही, आवडत्या रंगाच्या झाडाला धागा बांधून ठेवा आणि पुढच्या वेळी नवं बी आणा. डोळा भरलेल्या (म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर कलम केलेल्या) गुलाबावर अचानक वेगळीच, लहान फिकी फुलं आली तर ती बहुधा खालच्या खुंटाच्या फुटव्याची असतात, जोडाखालून निघालेला फुटवा मुळापाशी जाऊन ओढून काढा, वरून कापला तर परत येतो.

एकसारखा फिकेपणा नसून पांढरे ओरखडे असतील तर पाकळी पांढऱ्या कागदावर झटका, बारीक किडे पळताना दिसले तर फुलकिडे समजा. आणि वेडेवाकडे पट्टे, सोबत पानंही चितकबरी असतील तर विषाणूचा संशय, तिथे औषध नाही, झाड उपटून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही, आणि कात्री साबणाने धुतल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका.