डॅनिश लोकगाथेवर प्रयोग करताना: पालुपदाला हात लावू नका

डॅनिश लोकगाथा प्रायोगिक संगीतात आणताना बहुतेक जण आधी रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारा परिणाम, उघडतात. आधी पालुपद बघा. उदाहरणाला ‘एल्वरस्कूड’ घेऊ. डॅनिश अभ्यासक स्वेन्द ग्रुंट्विग यांनी १८५३ पासून छापायला घेतलेल्या गाथासंग्रहात तिचा क्रमांक ४७. ओलुफ लग्नाची आमंत्रणं द्यायला घोड्यावरून निघतो, वाटेत नाचणाऱ्या रानपऱ्या भेटतात. तो नाचायला नकार देतो आणि जिवाला मुकतो. पालुपद मात्र शेवटपर्यंत तेच: नाच चाललाय राईतून हलक्या पावलांनी. ओलुफचं मरण पालुपदाच्या गावीही नाही. म्हणून मोडतोड कडव्यांची करायची, पालुपद जसंच्या तसं ठेवायचं.

चालीसाठी जुनी ध्वनिमुद्रणं ऐका. डॅनिश लोकगीत-संग्राहक एवाल्द टांग क्रिस्टेन्सन आणि संगीतकार पर्सी ग्रेंजर १९२२ मध्ये फोनोग्राफ घेऊन डेन्मार्कच्या जटलंड भागात फिरले होते. मेणाच्या नळकांड्यांवरचे असे आवाज शिकायला उत्तम, पण थेट ट्रॅकमध्ये उचलू नका. परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय नळकांडं नेमक्या कोणत्या वेगाने फिरत होतं याची खात्री नसली की मूळ पट्टीचीही नसते. ओळीचा शेवट कसा रेंगाळतो, गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्येच कुठे लागतो, ते कानात साठवा.

गाथा लांब असते. कथा तुटणार नाही अशी आठ-दहा कडवी निवडा. मेट्रोनोम न लावता गा. माइक १५-२० सेंमीवर, २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ, पातळी −१२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. सूर सुधारणारं प्लगिन बंद. तो मधलाच गंधार ते पहिल्या फटक्यात पुसून टाकतं. डॅनिश उच्चारात ‘स्टोड’ नावाचा घशातला क्षणिक अडसर असतो. आवाज दुपटीहून जास्त ताणला की तो लिबलिबीत होतो, म्हणून शब्द कळायला हवेत ती कडवी ताणू नका.

आता आधारस्वर, म्हणजे गाण्याखाली सतत धरलेला स्वर. गाण्याचा शेवटचा स्वर ट्यूनरवर मोजा आणि वाद्य त्याला जुळवा, उलट नको. वर पंचम ३:२ ने, म्हणजे खाली २२० हर्ट्‌झ असेल तर वर ३३०. गंधार अजिबात नको. पेटीवर तो दाबलात की गायकाच्या गंधाराशी भांडण सुरू. तानपुऱ्याचं ॲपही टाळा, ते ऐकणाऱ्याला पाच सेकंदांत मैफलीत नेऊन बसवतं. व्हायोलिनचा लांब गज पुरतो.

ताल पावलांचा घ्या. फेरो बेटांवर साखळीनृत्य अजून जिवंत आहे: दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे. लाकडी फळीला पिएझो (कंपनं टिपणारी चकती) चिकटवून ही पावलं मुद्रित करा. पिएझो साध्या लाइन इनपुटला जोडलात तर खालचे स्वर गळून पत्र्यासारखा आवाज येतो, कारण त्याला सुमारे १ मेगाओहमचं इनपुट लागतं. गिटारसाठीचं ‘हाय-झेड’ इनपुट वापरा.

मोडतोड ग्रॅन्युलर पद्धतीने, म्हणजे आवाजाचे बारीक कण करून ते पुन्हा रचत, करा. पहिली दोन कडवी कोरी. तिसऱ्यापासून कण ८०-१२० मिलिसेकंदांचे, एकमेकांवर निम्मे चढवलेले. रानपऱ्यांचा घाव बसतो तिथे कण ३० मिलिसेकंदांवर आणा. २० मिलिसेकंदांचे कण एकापाठोपाठ एक ठेवलेत तर सेकंदाला ५० होतात आणि तो वेगच स्वर होऊन गुणगुणायला लागतो. आधारस्वराशी तो हमखास बेसूर लागतो. पुढच्या प्रत्येक कडव्यात शब्द कमी, कण जास्त.

पालुपदाचा मात्र एकच टेक सगळीकडे चिकटवा: तीच पातळी, तीच जागा, रिव्हर्ब शून्य. कडव्याच्या रिव्हर्बची शेपटी त्यावर चढली तर सगळा परिणाम वाया जातो, त्यामुळे पालुपद सुरू होण्याआधी अर्धा सेकंद रिव्हर्बचा सेंड (रिव्हर्बकडे जाणारा आवाज) बंद करून शेपटीही कापा. शेवटी मिक्स मोनोमध्ये, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून, ऐका. स्टिरिओत पसरलेले कण तिथे एकमेकांना खोडतात आणि मधलं कडवं अचानक पोकळ वाटतं. तसं झालं तर पसारा निम्म्यावर आणा.