कोस्टा रिकाची तयारी: आधी वेळा, मग बॅग

कोस्टा रिका हा देश महाराष्ट्राच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याएवढा, ५१,१०० चौरस किलोमीटरचा. नकाशा पाहिला की आठ दिवसांत सगळं उरकेल असं वाटतं आणि गफलत तिथेच होते. एका अंगाला पॅसिफिक, दुसऱ्या अंगाला कॅरिबियन समुद्र आणि मध्ये ३,८२० मीटरपर्यंत चढलेला डोंगरांचा कणा. एकाच दिवशी इकडे लख्ख ऊन आणि तिकडे धो धो पाऊस असतो. ज्वालामुखीचं तोंड सकाळी दिसतं, कासव रात्री येतं, उविता किनाऱ्यावरची ‘देवमाशाची शेपटी’ (त्या आकाराची, समुद्रात शिरलेली वाळूची पट्टी) फक्त ओहोटीला वर येते. म्हणून ही यादी कपड्यांपासून सुरू होत नाही, घड्याळापासून होते.

पहिलं काम महिना ठरवण्याचं. पॅसिफिक बाजूला आणि मधल्या खोऱ्यात डिसेंबर ते एप्रिल कोरडे, मे ते नोव्हेंबर पावसाचे, त्यातले सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत ओले. कॅरिबियन किनाऱ्याचं गणित उलटं आहे, तिथे नेमके सप्टेंबर-ऑक्टोबर बरे आणि नोव्हेंबर-डिसेंबरात पाऊस कोसळतो. अमेरिकेतली मराठी कुटुंबं नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत जातात, त्यांनी तेव्हा पॅसिफिक बाजू धरावी. पावसाळ्यात जायला हरकत काहीच नाही. सकाळ बहुधा उघडी असते आणि दुपारनंतर भरून येतं, त्यामुळे रोजचं मुख्य ठिकाण बारापर्यंत आटपेल असा बेत आखायचा. वर्षभर सूर्य साडेपाच-सहाला मावळतो, हेही त्या बेतात धरायचं.

कागदपत्रांत पासपोर्टखालोखाल व्हिसा. भारतीय पासपोर्टला तो लागतो. अमेरिका किंवा कॅनडाचा चालू, अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा पासपोर्टवर असेल तर वेगळा काढायची गरज सहसा पडत नाही. पण कोणत्या प्रकारचा चालतो हे तिकीट काढण्याआधी कोस्टा रिकाच्या दूतावासाच्या नियमांत शब्दशः वाचा, कारण हे नियम बदलत असतात. पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली आणि हातात नुसतं मंजुरीपत्र, अशा वेळी विमान कंपनी चेक-इनलाच अडवू शकते. परतीचं तिकीट छापून जवळ ठेवा. आणखी एक गोष्ट हमखास सुटते. सहलीला पनामा जोडणार असाल तर पिवळ्या तापाची लस आणि तिचं पिवळं कार्ड लागेल. ते कोस्टा रिकासाठी नव्हे, भारतात परतण्यासाठी. भारताच्या यादीत पनामा आहे. तिथून सहा दिवसांच्या आत कार्डाशिवाय मुंबईला उतरलात तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड ग्राह्य होतं, तेव्हा हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

मग उद्यानांची तिकिटं. सरकारी उद्यानं ‘सिनाक’ या संस्थेकडे आहेत आणि मान्युएल आंतोनियो, पोआस यांसारख्या गर्दीच्या ठिकाणी दारावर तिकीट मिळत नाही, तारीख आणि वेळ निवडून ऑनलाइनच काढावं लागतं. खातं उघडताना पासपोर्ट क्रमांक नीट तपासा, दारावर तोच जुळवतात. भारतीय कार्ड असेल तर बँकेच्या ॲपमधून परदेशी ऑनलाइन व्यवहार आधी सुरू करून घ्या. नाहीतर पैसे भरताना व्यवहार फसतो आणि तेवढ्यात ती वेळ दुसरा कोणी घेतो. मान्युएल आंतोनियो मंगळवारी बंद असतं. पोआस ज्वालामुखी २०१७ च्या उद्रेकानंतर बंद होता आणि उघडला तो मर्यादित माणसं, डोक्यावर हेल्मेट आणि मुखाशी मोजकी मिनिटं, अशा शिस्तीनेच. धूर वाढला की तो पुन्हा बंद होतो. दमा असलेल्यांनी तिथल्या गंधकाच्या वाफा हलक्यात घेऊ नयेत. पोआस बंद असेल तर इराझू ज्वालामुखी, ३,४३२ मीटर उंच. तिथे स्वेटर आणि कानटोपी लागते, आणि दहाच्या आत पोहोचला नाहीत तर बहुतेक वेळा ढगच पाहून परतावं लागतं. आरेनाल ज्वालामुखीची गोष्ट थोडी वेगळी. १९६८ ते २०१० तो धुमसत होता, आता लाव्हा दिसणार नाही. पण त्याचा १,६७० मीटरचा रेखीव शंकू दिवसेंदिवस ढगात राहतो, म्हणून त्याच्याजवळच्या ला फोर्तुना गावात दोन तरी मुक्काम ठेवा आणि खोली डोंगराकडे तोंड असलेली मागा.

मान्युएल आंतोनियोसाठी पिशवी वेगळी भरावी लागते. आत खाणं न्यायला बंदी आहे आणि दारावर पिशव्या उघडून बघतात. कारण तिथली पांढऱ्या तोंडाची कापुचिन माकडं. चेनचा आवाज ओळखून ती पिशवीपाशी येतात आणि माणसाच्या खाण्याची चटक लागली की चावायलाही कमी करत नाहीत. न्यायचं ते एवढंच: पुन्हा भरता येणारी पाण्याची बाटली, पोहण्याचे कपडे, पातळ पंचा (जाड टॉवेल त्या हवेत दोन दिवस वाळत नाही), आणि अंगावर घट्ट बांधता येईल अशी छोटी पिशवी. किनाऱ्यावर लहान हिरव्या सफरचंदासारखी फळं असलेलं मांसानियो नावाचं झाड असतं, त्यावर धोक्याची पाटीही असते. त्याच्या चिकाने कातडी भाजते. फळाला हात लावू नये, आणि पाऊस आला म्हणून त्याखाली तर मुळीच उभं राहू नये, कारण पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यातही तो चीक उतरतो. मुलांना हे झाड दाखवूनच पुढे जा. उद्यानाच्या अलीकडे रस्त्यावर गणवेशासारखा शर्ट घातलेली माणसं गाड्या थांबवून पार्किंगकडे वळवतात. ते सरकारी नसतात, सरळ पुढे जायचं.

आळशी अस्वल नव्हे, झाडाला लटकणारा तो स्लॉथ बघायचा असेल तर गुआरुमो झाड ओळखायला शिका. छत्रीसारखी बोटं फुटलेली मोठी पानं, विरळ फांद्या. अशा फांदीच्या बेचक्यात ओल्या पोत्याचं गाठोडं अडकल्यासारखं काही दिसलं की थांबायचं. दोन मिनिटांनी त्या गाठोड्यातून एक हात निघतो, तीन वाकड्या नखांचा, आणि इतक्या सावकाश पुढच्या फांदीकडे जातो की आपण श्वास रोखून धरतो. उघड्या डोळ्यांनी हे बहुतेकांना सापडत नाही, म्हणून किमान एका उद्यानात दुर्बीण-तिवईवाला गाइड घ्या. मोबाइल त्या दुर्बिणीला टेकवून फोटोही तोच काढून देतो. स्वतःची दुर्बीण घ्यायची तर ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. यापेक्षा जास्त ताकदीची हातात हलते आणि जंगलातल्या अंधारात काळपट दिसते.

मोंतेव्हेर्देच्या ढगातल्या जंगलात छत्री उपयोगाची नाही. तिथला पाऊस वरून पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. टोपीवाला विंडचीटर, लवकर वाळणारी पँट आणि मोज्यांचे तीन जोड पुरतात. सुती जीन्स एकदा भिजली की मुक्काम संपेपर्यंत ओलीच. केत्साल पक्ष्यासाठी सान हेरार्दो दे दोताचं खोरं जास्त भरवशाचं, आणि काळ जानेवारी ते मे. तो रानटी ॲव्होकाडोच्या फळांवर येतो, म्हणून पहाटे साडेपाचला त्या झाडाखाली उभं राहायचं. उंची सुमारे २,२०० मीटर आहे, हातमोजे लागतात. कॅमेऱ्याचं एक कायम लक्षात ठेवा. एसीच्या खोलीतून थेट बाहेर काढला की काचेवर आतबाहेर वाफ धरते आणि नेमका पक्षी समोर असताना फोटो धुरकट येतात. रात्री तो झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवा आणि बाहेर पडल्यावर वीस मिनिटं पिशवी उघडू नका.

रिओ सेलेस्ते नदीचं निळं पाणी पाहायला जाणाऱ्यांची निराशा सर्वांत जास्त होते, आणि ती टाळता येते. तेनोरिओ ज्वालामुखीच्या पायथ्याला दोन ओढे मिळतात, त्यातला एक आम्लयुक्त. संगमाला पाण्याची आम्लता बदलते, ॲल्युमिनियम-सिलिकाचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि सूर्याचा निळा प्रकाश विखुरतात. म्हणजे पाण्यात रंग नाहीच. बाटलीत भरलं तर ते साधंच दिसतं. वर जोराचा पाऊस झाला की माती मिसळून सगळं तपकिरी होतं. म्हणून त्या भागात दोन दिवस मोकळे ठेवायचे आणि निघण्याआधी हॉटेलात विचारायचं, ‘एस्ता सेलेस्ते ओय?’, आज निळी आहे का? चिखल घोट्यापर्यंत असतो, दाराजवळ रबरी गमबूट भाड्याने मिळतात. मोठं माप लवकर संपतं, त्यामुळे सकाळीच पोहोचा. दुपारी दोननंतर आत सोडत नाहीत. उद्यानात पोहायला बंदी आहे.

कॅरिबियन किनाऱ्यावरच्या तोर्तुगेरो गावाला रस्ताच नाही. ला पावोनाच्या धक्क्यापर्यंत गाडी, पुढे तासभर होडी. चाकांची मोठी सूटकेस होडीत अडचण करते, खांद्यावरची पिशवी बरी आणि आत सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. रोख पैसे आधीच काढून ठेवा. हिरवी कासवं अंडी घालायला येतात ती जुलै ते ऑक्टोबर, रात्री, परवानाधारक गाइडबरोबरच. कपडे गडद, शरीर झाकणारे. मोबाइल आणि कॅमेरा खोलीवर, कारण एका पांढऱ्या उजेडाने किनाऱ्यावर चढणारं कासव पाण्यात परत वळतं. खड्डा खणून अंडी घालायला लागलं की मगच गाइड लाल दिव्यात जवळ नेतो, तेव्हा ते विचलित होत नाही. शंभराच्या वर अंडी एकेक करून पडताना दिसतात, ओली, पिंगपाँगच्या चेंडूएवढी. नंतर मागच्या पायांनी ते खड्डा बुजवतं, मग पुढचे पाय वल्ह्यासारखे वापरून वाळू मागे फेकतं आणि ती वाळू तुमच्या अंगावर उडते. चष्मा असेल तर दोरी लावून ठेवा.

कोकणात वेळासला ज्या ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना मराठी माणसं बघतात, तीच जात पॅसिफिक बाजूला ओस्तियोनालच्या किनाऱ्यावर हजारोंनी एकदम येते. याला तिथे आरिबादा म्हणतात. बहुधा कृष्ण पक्षातल्या अष्टमीच्या आसपास, पावसाळ्यात मोठी. पण त्याच दिवसांत वाटेवरच्या नद्या फुगतात, त्यामुळे फोर बाय फोर गाडी आणि स्थानिक गाइडचा त्या दिवसाचा निरोप, दोन्ही हवं.

पॅसिफिक बाजूच्या कोर्कोवादो उद्यानात २०१४ पासून गाइड सक्तीचा आहे आणि परवान्यासाठी पासपोर्टचे तपशील आधी द्यावे लागतात. द्रेके गावाहून होडी उद्यानातल्या सिरेना ठाण्याला लागते ती धक्क्याला नव्हे, गुडघाभर लाटांत उडी मारायची असते. अर्धी चड्डी, पट्ट्याच्या चपला आणि बूट गळ्यात.

गाडी भाड्याने घेताना ऑनलाइन दिसणारा भाव खरा धरू नका. तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा इथे सक्तीचा आहे, तो काउंटरवर जोडला जातो आणि कधी कधी भाड्याहून जास्त होतो. विम्यासह एकूण रक्कम लेखी मागवा. गाडी उजव्या बाजूने चालते. अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, तासांत मोजा: राजधानी सान होसे ते ला फोर्तुना तीन तास, तिथून आरेनाल तळ्याला वळसा घालून मोंतेव्हेर्दे साडेतीन-चार. कॅरिबियनकडे जाणारा ३२ क्रमांकाचा रस्ता दरडींमुळे अधूनमधून बंद पडतो. अंधारात गाडी चालवू नका, कडेला पट्टा नसतो आणि खड्डा पाण्याने भरला की दिसत नाही.

शाकाहारी मंडळींचं पोट भरतं, फक्त विचारावं लागतं. सकाळी गायो पिंतो, म्हणजे भात आणि काळ्या घेवड्याची परतलेली उसळ. दुपारी कासादो, म्हणजे भात, घेवडा, कोशिंबीर असं भरलेलं ताट. घेवडा कधी डुकराच्या चरबीत शिजवतात, म्हणून ‘सिन कार्ने, सिन मांतेका’ (मांस नको, चरबी नको) हे चार शब्द कागदावर लिहून ठेवा. नुसतं मांस नको म्हटलं तर कोंबडी येते, ‘नी पोयो, नी पेस्कादो’ (कोंबडी नको, मासाही नको) हेही जोडा. मेतकूट, चटणी, थेपले पॅकबंद चालतात. ताजी फळं, बिया आणि रोपं विमानतळावर काढून घेतात. बिलात १३ टक्के कर आणि १० टक्के सेवाशुल्क धरलेलं असतं, वर टिप सक्तीची नाही. नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी पिण्याजोगं आहे. वीज १२० व्होल्ट, पिना चपट्या. घरची २३० व्होल्टची किटली तिथे पाणी उकळता उकळत नाही.

औषधांत ओआरएस, खाज कमी करणारं मलम आणि नेहमीच्या गोळ्यांची मूळ नावांनी लिहिलेली चिठ्ठी. डेंग्यू आहे, तेव्हा डीट हे डास पळवणारं रसायन असलेलं मलम घ्याच. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून डीट. मात्र डीटने प्लॅस्टिक विरघळतं. तळवे पुसल्याशिवाय दुर्बीण, घड्याळ, चष्मा हाताळू नका, आणि बेडकांना तर कधीच हात लावू नका, त्यांच्या त्वचेतून ते थेट आत जातं. रात्रीच्या फेरीत कठड्यांना न बघता हात टेकू नये, तिथे बाला मुंगी, जिचा दंश भयंकर दुखतो, बसलेली असते.

परतीच्या आदल्या रात्री सगळ्यांचे खिसे आणि मुलांच्या पिशव्या उलट्या करून झटका. किनाऱ्यावरचे शंख-शिंपले देशाबाहेर नेणं बेकायदा आहे, विमानतळावर क्ष-किरण यंत्रात ते दिसतात आणि काढून घेतात. सापडले तर ज्या किनाऱ्यावरून उचलले त्याच वाळूत ठेवून या.