सागवानी फळ्यांत मुरलेली लघवी: वास आणि डाग कसे काढायचे

सातारा-वाईकडच्या जुन्या वाड्यांच्या माड्यांवर आणि पाचगणी-महाबळेश्वरच्या बंगल्यांत अजूनही पायाखाली लाकडी फळ्या सापडतात. उन्हाळाभर तिथे काही जाणवत नाही. पाऊस लागला की मात्र कोपऱ्यातून मुताचा वास सुटतो आणि बोल मांजराला बसतो. त्याने नव्याने काही केलेलं नसतं. लघवीतल्या युरिक ॲसिडचे स्फटिक फळीत बसलेले असतात. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, पण दमट हवेत वास पुन्हा मोकळा होतो. वरवर पुसणं म्हणूनच वाया जातं.

फिनेल तर नकोच. काळं फिनेल मांजराला विषारी असतं. ते पंजाला लागतं आणि मांजर पंजे चाटतं. ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचं द्रावण याहून वाईट, कारण लघवीतल्या अमोनियाशी मिळून त्यातून घातक वायू निघतो. अमोनिया असलेला क्लीनर वापरलात तर जनावराला तो आपलाच वास वाटतो आणि ते त्याच जागी परत येतं.

लघवी ताजी असेल तर काम पाच मिनिटांचं. जुनं सुती कापड घडी करून ठेवा आणि त्यावर पाय देऊन दाबा. घासू नका, घासल्याने ती फटीत उतरते. मग गार पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं फिरवा. त्यानंतर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी यांत भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा, लगेच साध्या पाण्याने पुसा आणि पंखा लावा. खालच्या मजल्यावर शहाबादी असेल तर तिथे व्हिनेगर किंवा लिंबू चालणार नाही. तो चुनखडीचा दगड, आम्लाने त्याची चकाकी जाते.

जुन्या डागाचं प्रकरण वेगळं. आधी तो कुठवर पसरलाय ते शोधा. रात्री दिवे घालवून नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारा. 365 नॅनोमीटरचा मिळाला तर उत्तम. लघवी फिकट पिवळसर-हिरवी चमकते. लाखेचं जुनं फ्रेंच पॉलिश नारिंगी दिसतं, त्याला फसू नका. कडेने खडूची रेघ ओढा. मग रेघेच्या आत पाण्याचा एक थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. थेंब तसाच गोल राहिला तर पॉलिश शाबूत आहे आणि दोष बहुधा फळ्यांच्या सांध्यांत आहे. लाकूड तिथे गडद झालं तर लघवी फळीत उतरली आहे.

आता क्रम महत्त्वाचा. पहिलं औषध लघवीचे घटक मोडणाऱ्या एन्झाइमचं, पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतं. त्याआधी त्या जागी व्हिनेगर, फिनेल, साबण काही लावू नका, नाहीतर एन्झाइम निकामी होतं. रेघेच्या चार बोटं बाहेरपर्यंत ते लावा, सांध्यांत ड्रॉपरने सोडा, वर प्लास्टिक अंथरा आणि बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा. जास्त ओतलं तर फळी फुगून कडा वर येतात. पहिले एक-दोन दिवस वास उलट वाढल्यासारखा वाटेल. त्याला घाबरून धुवायला जाऊ नका. पूर्ण वाळल्यावर गरज पडली तर दुसरा हात द्या. माडीच्या फळ्यांच्या फटी रुंद असतील तर खालच्या खोलीत जाऊन कडीपाटही बघा, ओघळ तिथे आलेला असतो.

वास गेला तरी काळा डाग राहतो, कारण अमोनियाने लाकडाचा रंगच बदललेला असतो. तिथलं पॉलिश 80 नंबरच्या काचपेपरने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, आधी काढावंच लागतं. त्याशिवाय डाग फिकट करणारं हायड्रोजन पेरॉक्साइड आत जात नाही. मेडिकलमध्ये ते बहुतेक 6 टक्क्यांचं मिळतं. त्यात तेवढंच पाणी घालून 3 टक्के करा. आधी कपाटाखालच्या फळीवर थोडं लावून रंग बघा. हातमोजे घालून त्यात भिजवलेलं पांढरं कापड डागावर ठेवा, वर प्लास्टिक, आणि दर तासाला उचलून पाहा. भोवतालपेक्षा फिकट होण्याआधी काढा. गेलेला रंग परत येत नाही, तो नंतर रंगवून जुळवावा लागतो आणि ते सुताराचं काम.

खिळ्याभोवतीचा निळसर काळा डाग पेरॉक्साइडला दाद देत नाही. तो लोखंडाचा. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं, अर्धा लिटर गरम पाण्यात सुमारे 40 ग्रॅम, प्लास्टिकच्या भांड्यात. हे विष आहे: हातमोजे, चष्मा आणि मुलं-जनावरं खोलीबाहेर. ब्रशने लावा. डाग उतरला की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने एकदा आणि साध्या पाण्याने दोनदा पुसा. राहिलेला अंश सुकून काचपेपरच्या धुळीत नाकात जातो, तेव्हा पुढे घासताना मास्क लावाच. फळी बोटाने दाबल्यावर मऊ लागली तर पुढे कष्ट घेऊ नका. ती कुजली आहे, बदला. पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान रुंदीला आणि रंगाला नव्यापेक्षा चांगलं जुळतं.

पॉलिशचं काम पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत लाखेचं आणि मेलामाइनचं पॉलिश पांढरट धरतं, आणि महाबळेश्वरच्या हवेत तर फळी आतून वाळतच नाही. दिवाळीनंतर किंवा उन्हाळ्यात 120 आणि मग 220 नंबरने घासा, मेण काढलेल्या लाखेचा एक हात द्या, तो उरलासुरला वास आत कोंडतो. वर पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) दोन-तीन हात, फटींच्या कडांवर विशेष लक्ष देऊन. शेवटच्या हातानंतर आठवडाभर त्या जागी सतरंजी अंथरू नका. एवढं करूनही बोका जागोजागी थेंब-थेंब करत असेल किंवा बसून जोर लावत असेल, तर जमीन सोडून त्याच दिवशी पशुवैद्य गाठा, मूत्रमार्ग अडलेला असू शकतो.