धंद्याच्या केसमध्ये अपील करताय? या चुका टाळा राजेहो

आमच्या काकाची सरकीच्या पैशाची केस होती, खालच्या कोर्टात हरलो. निकाल लागला तेव्हा कापसाचा सीझन जोरात, जिनिंगवर गाड्यांची लाईन, काका म्हणे एवढा माल निपटू दे मग पाहू. सगळ्यात महागात पडलेली चूक हीच.

अपिलाची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात भाऊ, तुम्हाला सवड मिळाली तेव्हापासून नाही. साधी दिवाणी केस असली आणि अपील जिल्हा कोर्टात असलं तर 30 दिवस, हायकोर्टात म्हणजे आपल्या नागपूर खंडपीठात असलं तर 90. 3 लाख किंवा त्यावरचा व्यापारी वाद कमर्शियल केस म्हणून चालला असेल तर 60. निकालाची कोर्टाच्या शिक्क्याची नक्कल काढण्यात गेलेले दिवस वजा होतात हे खरं, पण अर्ज टाकल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचेच! आमच्या नकलेच्या मागं शिक्का होता, अर्ज कधी, तयार कधी, नेली कधी. तयार आणि नेली यात 19 दिवस. नक्कल तिकडं टेबलावर पडून अन् काका इकडं वजनकाट्यावर उभा, ते 19 दिवस आमच्याच डोक्यावर बसले. म्हणून निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका, घरी नंतर जा.

उशीर माफीचा अर्ज करता येतो, आमचा झाला पण माफ, कॉस्ट भरावी लागली. पण "सीझन होता" हे काही कारण नाही. कमर्शियल केसमध्ये तर 2021 ला सुप्रीम कोर्टानं सरळ सांगितलंय की थोडासाच उशीर, तोही अपवाद म्हणूनच माफ होईल.

दुसरं, अपील टाकलं म्हणजे वसुली थांबली असं बिलकुल समजू नका. स्टे म्हणजे वसुलीला स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि पैशाचा हुकूमनामा असला की कोर्ट रक्कम भरा नाहीतर जामीन द्या म्हणते. आम्ही निवांत होतो अन् एका सकाळी बेलीफ ट्रॅक्टरच्या जप्तीचं वॉरंट घेऊन अंगणात उभा, काकू घाबरून रडायलाच लागली.

विसरलेली बिलं अपिलात दाखवू हेही डोक्यातून काढा. खाली असताना दिली नाहीत तर का दिली नाहीत याचं पक्कं कारण लागते, गोडाऊनमध्ये सापडली म्हणून कोणी घेत नाही.

आता महत्त्वाचं. केस चालू असताना झालेल्या प्रत्येक ऑर्डरवर अपील होत नाही, पण ती चूक शेवटच्या अपिलात मुद्दा म्हणून घेता येते, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 105. मात्र त्याच संहितेचं कलम 99 म्हणते की नुसती प्रक्रियेची चूक झाली म्हणून निकाल फिरत नाही, त्यानं निकालावर काय फरक पडला ते दाखवा. आमचा वकील एका तारखेला नव्हता तर काटेवाल्याची उलटतपासणी बंद केली होती. ती पुन्हा उघडायचा अर्ज काकानं तेव्हाच करून ठेवला होता, नामंजूर झाला तरी त्याची नक्कल सांभाळली, हे एक काम मात्र चांगलं केलं. अपिलात नुसतं "अन्याय झाला" लिहिलं नाही, काटापावती आणि गेटपासच्या वजनात फरक आहे, रक्कम त्या वजनावरच ठरली, अन् तेच विचारू दिलं नाही असं एकेक पावती नंबर टाकून लिहिलं. तेवढ्याच साक्षीसाठी केस खाली परत गेली. पुढच्या मंगळवारी काटेवाला येणार आहे.